उजव्या कोपऱ्यातले निरोप

३ मार्च, मंगळवार

मधमाशीपालनाच्या पुस्तकाची प्रुफं काल हातात घेतली. दोनशे चाळीस पानं. लेखक आयुष्यभर पोळ्यांत हात घालून बसलेला माणूस, त्याला माशीचा एक डंख बाधत नाही, पण ऱ्हस्वदीर्घाशी त्याचं उभं वैर आहे. एका पानावर तर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलाय. यातला खरा कुठला, ते बघायला सकाळी इंटरनेटवर या विषयावरचं एखादं जुनं पुस्तक शोधत बसले. बरीच पानं पालथी घातल्यावर एका ठिकाणी अख्खं पुस्तक फुकट मिळेल असं दिसलं. 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं. दाबलं. चाक फिरत राहिलं, पुस्तक काही आलं नाही. शेवटी छापखान्याच्या मालकांच्या कपाटातला जुना कोश आणायचं ठरवलं.

तेवढ्यात बाबा फिरून आले. त्यांना लॅपटॉप हवाच होता. जेवणाच्या टेबलावर आमचा एकच लॅपटॉप, दोघांत मिळून. मी त्यावर काम करते आणि ते नकाशे बघतात. चाळीस वर्षं मोजणी खात्यात काढली, आता ज्या जमिनी साखळी टाकून मोजल्या त्या आकाशातून कशा दिसतात ते बघत बसतात. मधूनच म्हणतात, "इथे विहीर होती. बुजवली बघ."

५ मार्च, गुरुवार

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात आज लाल त्रिकोण आला. 'आपल्या संगनकात ५ व्हायरस सापडले. ताबडतोप साफ करा.' मला आधी हसू आलं, कारण 'संगनक' आणि 'ताबडतोप'. मग घाबरले. प्रुफं दोन ठिकाणी उतरवून ठेवली. त्रिकोण घालवला की दहा मिनिटांनी परत हजर.

९ मार्च, सोमवार

बाबांनी आज जेवताना अचानक विचारलं, हे घर तुला लहान पडतं का. मी म्हणाले, दोन माणसांना काय लहान पडायचंय. ते म्हणाले, "दोन माणसांना नाही पडत." मग आमटीत पोळी कुस्करत बसले. म्हातारपणी माणसं काय काय विचारतात.

१० मार्च, मंगळवार

हे लिहावं की नाही, कळत नाही. पण वहीत नाही लिहायचं तर कुठे लिहायचं.

दुपारी छापखान्यातून आले आणि लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात निरोप. 'एकटे आहात? तुमच्या जवळ १४ एकटी मानसं वाट बघतायत.' शेजारी एका बाईचं चित्र, खांदे उघडे. मी तो घालवला तर खालून दुसरा वर आला. 'तिने तुमचा फोटो पसंद केला.'

लॅपटॉप आम्ही दोघंच वापरतो. मी असल्या जागी जात नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी छापखान्यात असते आणि घरात बाबा एकटे असतात.

शहात्तर वर्षांचे आहेत. आई जाऊन अकरा वर्षं झाली. माणूस आहे, समजू शकते असं मनाला सांगून बघितलं. नाही समजत. ते आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना. चहा दिला तो टेबलावर ठेवून आले.

१४ मार्च, शनिवार

बाबांनी नवंच सुरू केलंय. रोज पाच वाजता वाचनालयात जातात ते सातच्या ठोक्याला येतात. पूर्वी वाचनालयाचं नाव काढलं तरी तिथल्या खुर्च्यांना नावं ठेवायचे. आणि येतात ते कसे? किल्ली स्वतःजवळ असताना दाराबाहेर उभे राहून दोनदा खोकतात, बेल वाजवतात, मग थांबतात. स्वतःच्या घरात परक्यासारखे. आत आल्यावर आधी लॅपटॉपकडे नजर जाते, मग माझ्याकडे, मग खाली.

खाई त्याला खवखवे.

मी काही विचारलं नाही. काय विचारणार? वडिलांना मुलीने विचारायची गोष्ट आहे का ही? आई असती तर तिने दोन शब्दांत सोक्षमोक्ष लावला असता. माझे हे असते तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. ह्यांना कुठल्याच गोष्टीची लाज वाटायची नाही, सगळ्यांच्या वाटणीची मला वाटते.

१७ मार्च, मंगळवार

आज धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मधमाशीवाले लेखक छापखान्यात आले होते. मालकांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं, शंका समोरासमोर मिटवाव्यात म्हणून. मालक माझ्या डाव्या हाताला, लेखक उजव्या. मी राणीमाशीचं प्रकरण उघडलं आणि कोपऱ्यात ती उघड्या खांद्यांची बाई आली. 'मी आज संध्याकाळी मोकळी आहे.' मोठी, ठसठशीत. घालवायला गेले तर घाईत भलतीकडेच बोट पडलं आणि ती अख्ख्या पडद्यावर पसरली.

मालक वर पंख्याकडे बघायला लागले. लेखक भला माणूस. म्हणाले, बाई, आमच्याकडेही असलं यायचं, काही नसतं त्यात, आमच्या घरच्यांनी एका माणसाकडून बंद करून घेतलं. मला त्यांचं पुढचं ऐकूच आलं नाही. कान तापले होते. मी लॅपटॉप मिटला आणि उरलेल्या शंका कागदावरून विचारल्या.

अठ्ठावीस वर्षांत माझ्या कामावर डाग नव्हता. एकदा फक्त एका डॉक्टरांच्या पुस्तकात 'मूत्र' च्या जागी 'मित्र' राहिलं होतं.

वाटेत ठरवलं, आता पुरे.

१८ मार्च, बुधवार

सकाळी लॅपटॉपला नवा पासवर्ड घातला. बाबा नकाशे बघायला बसले तेव्हा त्यांना सांगितलं की यंत्रात बिघाड आहे, काही दिवस फक्त छापखान्याचंच काम चालेल.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं चिडतील, निदान कसला बिघाड म्हणून विचारतील. ते म्हणाले, "बरं. तुझं काही खाजगी असेल त्यात. मी हात लावणार नाही."

माझं खाजगी! याला काय म्हणावं? चोराच्या उलट्या बोंबा. पण एक सांगते, ते बोलताना रागात नव्हते. उलट समजूत घातल्यासारखे बोलत होते. त्याचाच मला जास्त राग आला.

२२ मार्च, रविवार

बाबांनी कपाटातून आईची मोत्यांची कानातली काढून दिली. म्हणाले, ठेवून काय करायचंय, घालत जा. निळ्या साडीवर चांगली दिसतील. आणि मग, "सत्तेचाळीस म्हणजे काही वय नाही गं. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकलो."

मला कळतं हे कशासाठी चाललंय. चूक झाली की माणूस गोड बोलायला लागतो. मी कानातली घेतली आणि डबीसकट कपाटात परत ठेवली. त्यांनी बघितलं.

घरात आता आमचं बोलणं म्हणजे मीठ दे, बिल भरलं का, दार लाव. मी शेजारी बसत नाही. तेही बसा म्हणत नाहीत.

२६ मार्च, गुरुवार

बाबा काकांकडे राहायला जातायत. सहज, हवापालट म्हणून नव्हे. कायमचं. काकांना फोन करून सगळं ठरवूनही टाकलं, मला आज सांगितलं. काकांच्या घरी मागची खोली रिकामी आहे, काकू बरी माणूस आहे, दोघा भावांचा वेळ जाईल, अशी कारणं त्यांनी बोटांवर मोजल्यासारखी सांगितली.

मी विचारलं, इथे काय कमी आहे. ते म्हणाले, "कमी काही नाही. जास्तीचा मी आहे."

इथे मी बोलायला हवं होतं. पण मनात आलं, यांना इथे नजर चुकवून राहणं जड जातंय, तिथे जड जाणार नाही. आणि खरं लिहायचं तर, मलाही सुटल्यासारखं वाटलं. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

२९ मार्च, रविवार

गेले. दोन बॅगा आणि नकाशांची नळी. बस सुटायला वेळ होता म्हणून आम्ही स्टँडवर बाकावर बसलो. ते म्हणाले, मी रागावून चाललोय असं समजू नकोस. मग बॅग उचलता उचलता म्हणाले, "तू आता मोकळेपणाने राहा."

मी म्हणाले, "तुम्हीही."

मी ते ज्या सुरात म्हणाले तो मला माहीत आहे. त्यांना तो सूर कळला नाही. त्यांनी मान हलवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढले.

घरी येऊन त्यांची खोली झाडली. पलंगाखाली काहीतरी सापडेल असं वाटत होतं. एक पेन्सिल सापडली आणि रबराचे तुकडे.

२ एप्रिल, गुरुवार

आज अकरा निरोप आले. काल नऊ. लाल त्रिकोण, उघडे खांदे, आणि पिकल्या केसांचा एक हसरा पुरुष, तो मला आजच पहिल्यांदा दिसला. 'तो तुमच्या उत्तराची वाट बघतोय.' बाबा जाऊन चार दिवस झाले तरी हे चालूच आहे. घाण करणारा जातो, घाण मागे राहते.

लिहिल्यावर वाचलं. बापाबद्दल लिहिलंय मी हे.

४ एप्रिल, शनिवार

रोज रात्रीच्या जेवणाआधी त्यांचा फोन येतो. "सगळं ठीक? कोणी आलं होतं का?" रोज हेच विचारतात. कोण येणार? मी नाही म्हणते. ते "बरं, सावकाश" म्हणतात आणि ठेवून देतात.

७ एप्रिल, मंगळवार

नीट क्रमाने लिहिते.

सकाळी त्रिकोणाच्या जागी नवीनच आलं. आता साफ केलं नाही तर तासाभरात सगळ्या फाइली जातील, खालचं बटण दाबून आमचं साधन उतरवून घ्या. घड्याळ उलटं चालू झालं. पुस्तक परवा छपाईला जायचंय. लॅपटॉप पिशवीत घालून तशीच छापखान्यात खिळेबाईंकडे गेले.

खिळेबाई म्हणजे आमच्याकडे पूर्वी खिळे जुळवणाऱ्या बाई. शिशाचे खिळे गेले, संगणक आले, तशा त्या संगणक शिकल्या आणि आता सगळ्या यंत्रांचं त्याच बघतात. नाव मात्र तेच राहिलं. पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मी त्यांना आधीच सांगून टाकलं की हे घरातल्या दुसऱ्या माणसाने केलेलं आहे. कोण ते सांगितलं नाही. घरात दुसरं माणूस कोण आहे ते त्यांना ठाऊक आहे.

त्यांनी आधी ते घड्याळ बंद केलं. म्हणाल्या, यात व्हायरस नाही, हे नुसतं कोपऱ्यातून ओरडणं आहे. साधन उतरवून घेतलं असतंत तर मात्र खरंच काहीतरी घुसलं असतं. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेल्या, तिथे 'सूचना' असं एक पान असतं. कुठल्या साइटला आपण निरोप पाठवायची परवानगी दिली आहे, त्यांची यादी. आमच्या यादीत एकच नाव होतं.

"हे एकच घर सगळं पाठवतंय," त्या म्हणाल्या. "त्रिकोणही तेच पाठवतात आणि बायाही तेच. काय दाखवलं म्हणजे माणूस बोट लावेल ते बघत असतात. आपण त्या जागी एकदा जायचं, अलाऊ दाबायचं, की ते पुढे रोज दारात. तुम्ही रोबोट नाही वगैरे सांगून दाबायला लावतात."

मी म्हणाले, "रोबोट नाही."

"हो. ते सिद्ध करायला अलाऊ लागत नाही. तिथेच ओळखायचं."

त्यांनी ती परवानगी काढून टाकली. पुढे कुठल्याच साइटने असं विचारू नये, तीही कळ फिरवली. पाच मिनिटं लागली नाहीत. एवढ्यासाठी महिना गेला. मग कोण कुठे गेलं होतं ते बघू म्हणून त्यांनी इतिहासाची यादी उघडली. त्या साइटवर एकदाच जाणं झालंय. तीन मार्च, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटं. त्याच्या खालच्याच ओळीला, म्हणजे त्याआधी, माझा शोध, 'मधमाशीपालन जुने पुस्तक'.

बाकीच्या सगळ्या ओळी नकाशांच्या. विहिरी, गावांच्या शिवा, नदीचा काठ. मी पासवर्ड घालेपर्यंत माझे वडील नकाशेच बघत होते.

खिळेबाई ओळी खाली सरकवत होत्या, त्या मध्येच थांबल्या. लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, "हे मी वाचलं नाही. तुम्ही वाचा." आणि पाणी प्यायला गेल्या.

आठ मार्च. 'विधवा मुलगी दुसरे लग्न वय ४७.'
बारा मार्च. 'मुलगी इंटरनेटवर जोडीदार शोधते सुरक्षित आहे का.'
तेरा मार्च. 'मुलीला संसार करायचा असल्यास वडिलांनी कुठे राहावे.'

८ एप्रिल, बुधवार

काम झालं नाही. मालकांना सांगून सुट्टी घेतली.

या वहीची मागची पानं वाचली. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. लेखकाने एकदा लिहिलेली चूक दुसऱ्या पानावर कशी पसरते ते मी अठ्ठावीस वर्षं लोकांना दाखवत आलेय. दाराबाहेर खोकत होते ते. मी कोणाशी बोलत असेन, आत कोणी असेल, म्हणून. पाच ते सात वाचनालयात बसत होते, त्या मोडक्या खुर्चीत, मला घर मोकळं मिळावं म्हणून.

संध्याकाळी फोन आला. "कोणी आलं होतं का?" मी नाही म्हणाले. पुढचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी येते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उजळला. "एकटीच?" त्यांनी विचारलं.

१२ एप्रिल, रविवार

काकूंनी दार उघडलं आणि माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. मग काकांनी बघितलं. आत जाताना काकू कानात म्हणाल्या, अगं, घेऊन यायचं होतंस, आम्ही काय खाल्लं असतं का त्यांना. बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, लेकीचं जमत आलंय, तिला थोडी मोकळीक हवी.

जेवण झाल्यावर बाबांच्या खोलीत गेले. पलंग, खुर्ची, भिंतीला टाचलेला एक नकाशा. बाकीचे नळीतच होते. मी दार लोटलं आणि सांगितलं. साइटचं, माझ्या अलाऊचं, खिळेबाईंचं. ते मन लावून ऐकत होते, जमिनीचा वाद ऐकायचे तसे.

"म्हणजे तुला कोणी भेटलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तो पांढऱ्या केसांचा, कोपऱ्यात यायचा तो..."

"तो कोणीच नाही बाबा. नुसतं चित्र आहे."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्यांना हायसं वाटेल, परत घरी यायला मिळणार म्हणून. ते खिडकीकडे बघत राहिले. म्हणाले, चांगला वाटला होता दिसायला. शांत.

इथे थांबले असते तर भागलं असतं. दुसरी अर्धी गोष्ट त्यांना कधीच कळली नसती. पण त्यांनीच विचारलं. पासवर्ड का घातलास मग, तुझं काही नव्हतंच तर? खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. सांगितलं. कुठल्या बाईचे निरोप आले, मी काय समजले, छापखान्यात काय झालं, सगळं.

ते भिंतीवरच्या नकाशाकडे वळले. मग विचारलं, "कधीपासून?"

"दहा मार्चपासून."

"एकोणीस दिवस." त्यांनी मनात मोजलं असणार, स्टँडवर सोडलं त्या दिवसापर्यंत. "एकोणीस दिवस तू मला जेवायला वाढत होतीस आणि मनात हे होतं."

मी मान खाली घातली.

"निरोप तेच होते गं," ते म्हणाले. "मीही तेच बघत होतो. मला तुझ्याबद्दल बरं वाटलं."

ते आवाज चढवून बोलले नाहीत. आजवर मला त्यांनी दोनदा मारलंय, लहानपणी. ते सोपं होतं.

निघताना मी घरी चला म्हणाले. त्यांनी बघू म्हणून सांगितलं. जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत, काका आले.

१५ एप्रिल, बुधवार

पुस्तक उशिरा का होईना, छपाईला गेलं. फोन आला नाही, आज तिसरा दिवस. मी केला तर काकूंनी घेतला, ते फिरायला गेलेत म्हणाल्या. पाठीमागे त्यांचा खोकला ऐकू आला.

लॅपटॉपचा कोपरा आता रिकामा असतो. तरी काम करताना डोळे तिकडे जातात.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी चारला बाबा आले. एकच बॅग. दुसरी आणि नळी काकांकडे ठेवून आलेत. आठ दिवस राहीन म्हणाले, मग बघू. कायमचे राहा म्हणायचा हक्क मला आता तेवढा उरलेला नाही.

चहा घेतला. समोरासमोर बसलो होतो. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, तिथे पडल्या पडल्या विचार केला. तू मला विचारलं नाहीस म्हणून मी रागावलो. पण मी तरी तुला कुठे विचारलं? परस्पर ठरवलं, परस्पर बॅग भरली, सगळ्या गावाला सांगून मोकळा झालो. यंत्राला विचारलं, तुला नाही.

मग थेट माझ्याकडे बघत म्हणाले, "आता विचारतो. जावई गेल्याला सहा वर्षं झाली, एकदाही विचारलं नाही. तुला वाटतं का, कोणी असावं?"

मी नाही म्हणणार होते. जीभ तशी वळलीही होती.

"वाटतं," मी म्हणाले. "रोज नाही. पण वाटतं."

त्यांनी मान हलवली. मी कपबशा उचलल्या, मग परत खाली ठेवल्या आणि तिथेच बसून राहिले.